विकलेल्या छऱ्याच्या बंदुकीचा पस्तावा: भावनेतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा



पेट निघाली, मुलाखत झाली, गाईड मिळाले, की सगळीकडून एकच प्रश्न येतो, "विषय काय घेतला?" आपल्यातले बरेच जण यावर एका शब्दात उत्तर देतात. "पाणी." "ग्राहक वर्तन." "नॅनो." हे विषय झाले, प्रश्न नाही झाले. आणि पहिल्या सहा महिन्यांत आरआरसीसमोर जी तारांबळ उडते, ती बहुतेक वेळा यामुळेच उडते. विषय हातात असतो आणि प्रश्न सापडलेला नसतो.

या लेखात मी एक साधी, घरगुती भावना घेणार आहे आणि तिचा प्रश्न कसा होतो ते टप्प्याटप्प्याने दाखवणार आहे. भावना अशी: आवडती जुनी वस्तू विकून टाकली आणि आता ती परत हवीशी वाटते. उदाहरण घेतलं आहे छऱ्याच्या जुन्या बंदुकीचं, म्हणजे एअर रायफलचं. माझं स्वतःचं काम धातूंच्या थकव्यावर आहे, मानसशास्त्रावर नाही. पण प्रश्न घडवायची पद्धत दोन्हीकडे सारखीच असते, आणि या उदाहरणात थोडं भौतिकशास्त्रही आहे.

आधी वस्तू समजून घेऊ

छऱ्याची बंदूक आपल्याकडे कुणालाच नवीन नाही. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर ती सगळ्यांनी एकदा तरी हातात धरलेली असते. नळी खाली दुमडायची, छर्रा भरायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. आत बारूद नसतो. नळी दुमडताना एक जाड स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्यासोबत पिस्टन मागे सरकतो. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाते आणि त्या हवेच्या जोरावर छर्रा बाहेर पडतो.

एका पिढीकडे घरात असलेल्या अशा बंदुका मुख्यतः दोन प्रकारच्या होत्या. एक परदेशी, म्हणजे जर्मनीतल्या रास्टाट गावच्या डायना कंपनीची. ही कंपनी १८९० ची. हातातलं धनुष्य फेकून देऊन बंदूक उंचावणारी शिकारदेवी हे तिचं बोधचिन्ह. दुसरी देशी. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी सिमेंटच्या पाइपांसाठी प्रसिद्ध आहे, पण ती छऱ्याच्या बंदुकाही बनवायची हे आज फार कमी जणांना माहीत असतं. जुन्या शौकिनांना मात्र आयएचपी ही तीन अक्षरं पुरतात.

पुढे नेमबाजीचा खेळ मोठा झाला. १० मीटर एअर रायफल १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. २००० साली सिडनीला अंजली भागवत अंतिम फेरीत गेल्या, २००८ ला अभिनव बिंद्रांनी सुवर्ण मिळवलं, आणि एअर रायफल हा शब्द घराघरात पोचला. पण या स्पर्धांतल्या बंदुका आधीच भरून ठेवलेल्या हवेवर चालतात. घरातली स्प्रिंगची जुनी बंदूक त्या रांगेत बसत नाही. तिची किंमत आठवणीत जास्त आणि बाजारात कमी. आपल्या प्रश्नासाठी हे फायद्याचंच आहे.

प्रसंग

चिकलठाण्यात आमच्या गल्लीत एक काका राहतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूल रूममधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे दोन बंदुका होत्या, एक डायना आणि एक देशी. डायना त्यांनी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी विकली. देशी नंतर दोन वर्षांनी गेली. घराला रंग द्यायचा होता, माळा रिकामा करायचा होता, आणि ओळखीतला एक जण "द्या ना मला" म्हणत मागे लागला होता, म्हणून दिली. पैसेही किरकोळच आले.

आता गंमत बघा. डायना महाग होती, दुर्मीळ होती, नेमही तिचा चांगला होता. पण काका हळहळतात ते देशी बंदुकीसाठी. "डायना पोरीच्या कामाला आली. ही मात्र उगंच गेली रे," असं ते म्हणतात. मागच्या महिन्यात त्यांना अगदी त्याच मॉडेलची एक बंदूक विकत मिळत होती. विक्रेत्याने सांगितलेली किंमत काकांनी स्वतः जितक्याला विकली त्याच्या जवळजवळ सहापट. पेन्शनमधून एवढे पैसे काढायचे का, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न. काकूंचं मत स्पष्ट होतं आणि ते इथे लिहायची गरज नाही. काका मला म्हणाले, "तू पीएचडी करतोस ना, मग सांग, मी येडा झालोय का?"

एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. पण एका माणसाच्या अनुभवावरून चांगला प्रश्न नक्की मिळतो. तोच आता काढू.

पहिला टप्पा: शब्द नेमका करा

आपण घाईत "पस्तावा" म्हणतो. पण मराठीत या भागात शब्दांची चांगलीच गर्दी आहे. पस्तावा, हळहळ, चुटपुट, रुखरुख, हुरहुर. पाचही वेगळे आहेत.

बंदूक चोरीला गेली असती तर काकांना हळहळ वाटली असती, पस्तावा नाही. पस्ताव्यासाठी निर्णय आपला असावा लागतो. रुखरुख बारीक असते आणि मागे उरते. हुरहुर तर काहीही न गमावता वाटू शकते. संशोधनातही हाच फरक करतात. परिस्थितीमुळे मनासारखं झालं नाही तर ती निराशा, आणि आपल्या निवडीमुळे झालं नाही तर तो पस्तावा.

हे शब्दांचे खेळ वाटतील, पण नाहीत. समजा तुम्ही इंग्रजीतली एखादी तयार प्रश्नावली मराठीत आणली. "तुम्हाला किती पस्तावा वाटतो, १ ते ७ मध्ये सांगा," असं विचारलं. काका २ सांगतील, कारण त्यांच्या कानाला पस्तावा म्हणजे मोठी चूक, पाप वगैरे. तोच प्रश्न "किती चुटपुट लागली" असा विचारला तर ते ६ म्हणतील. भावना तीच, आकडा वेगळा. म्हणून प्रश्नावली भाषांतरित करताना दुसऱ्या व्यक्तीकडून ती पुन्हा मूळ भाषेत आणून दोन्ही ताडून बघतात, आणि मोठा सर्व्हे करण्याआधी दहा-वीस जणांशी बोलून कोणता शब्द कसा ऐकला जातो ते तपासतात. मराठीत काम करणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये.

दुसरा टप्पा: आधी कुणी काय केलं आहे

संदर्भ साहित्याचा आढावा म्हणजे नावांची यादी नाही. तुमच्या प्रश्नाला त्यातून काय मिळतं, एवढंच बघायचं. आपल्या कामाचे पाच धागे सांगतो.

पहिला धागा, मालकीचा परिणाम. ही कल्पना रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये मांडली. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि थेलर यांचा १९९० चा कपांचा प्रयोग तर अभ्यासक्रमातच असतो. वर्गातल्या ४४ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना विद्यापीठाच्या दुकानात ६ डॉलरला मिळणारा कप दिला आणि बाजार भरवला. कप कुणाला मिळाले हे योगायोगावर होतं. त्यामुळे ज्यांना तो जास्त आवडतो त्यांच्याकडे जायला साधारण ११ सौदे व्हायला हवे होते. चार फेऱ्यांत झाले ४, १, २ आणि २. कप हातात असलेले साधारण सव्वापाच डॉलर मागत होते, आणि घेणारे सव्वादोन ते पावणेतीन देत होते. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या डोक्यात वाढते.

याच लेखात आणखी एक छान प्रयोग आहे. विकणारे आणि घेणारे यांच्यासोबत तिसरा गट ठेवला, निवडणाऱ्यांचा. त्यांच्याकडे कप नव्हता. कप घ्यायचा की पैसे, एवढंच त्यांनी ठरवायचं. विकणाऱ्यांची मधली किंमत ७.१२ डॉलर, निवडणाऱ्यांची ३.१२, घेणाऱ्यांची २.८७. विकणारा आणि निवडणारा यांच्यापुढचा पर्याय खरं तर एकच आहे, कप किंवा पैसे. फरक एवढाच की एकाला कप "सोडायचा" आहे. म्हणजे वाढीव किंमत कपाची नसते, सोडण्याची असते.

दुसरा धागा आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळ आहे. मिखाल स्ट्राहिलेविट्झ आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९८ मध्ये मालकीच्या काळाचा अभ्यास केला. वस्तू जितका जास्त काळ आपल्याकडे, तितकी तिची किंमत आपल्या लेखी जास्त. इतकंच नाही, तर वस्तू हातातून गेल्यावरही आधी ती किती काळ आपली होती याचा परिणाम उरतो. मालकी संपते, पण तिची सावली राहते.

तिसरा धागा पस्ताव्याचा. कानेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये लोकांना दोन माणसांची गोष्ट सांगितली. एकाने शेअर बदलायचा विचार केला आणि बदलला नाही. दुसऱ्याने बदलला. दोघांचं नुकसान सारखंच, १२०० डॉलर. जास्त वाईट कुणाला वाटेल? ९२ टक्के लोक म्हणाले, ज्याने बदलला त्याला. केलेली कृती न केलेल्या कृतीपेक्षा जास्त बोचते. पण थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४-९५ मध्ये दाखवलं की हे थोड्या काळापुरतं असतं. वर्षं गेली की लोक जास्त आठवतात ते न केलेल्या गोष्टी.

इथे थांबा आणि काकांकडे बघा. विकणं ही कृती आहे. गिलोविच-मेडवेक यांच्या म्हणण्याप्रमाणे ती वर्षांनी बोथट व्हायला हवी. पण काकांची चुटपुट तर वाढते आहे. का? एक शक्यता अशी की काकांच्या मनात ती कृती राहिलेलीच नाही. ते "मी विकली" म्हणत नाहीत, "ठेवायला पाहिजे होती" म्हणतात. म्हणजे केलेली गोष्ट काळाच्या ओघात न केलेली गोष्ट झाली. संदर्भ वाचताना दोन निष्कर्ष आणि समोरचं उदाहरण यांच्यात अशी फट दिसली की पेन्सिलने खूण करा. प्रबंध बहुधा तिथेच असतो.

चौथा धागा समर्थनाचा. टेरी कॉनोली आणि मार्सेल झीलेनबर्ग यांनी २००२ मध्ये मांडलं की पस्ताव्याचे दोन भाग असतात. एक, परिणाम पर्यायापेक्षा वाईट निघणं. दोन, "मी हे नीट कारणाशिवाय केलं" असा स्वतःवरचा ठपका. दुसरा भाग नसेल तर पहिला सहन होतो. काकांच्या दोन बंदुका इथे चपखल बसतात. डायनाच्या मागे भक्कम कारण होतं, फी. देशीच्या मागे रंगकाम आणि भीड.

पाचवा धागा बदली वस्तूचा. केंट ग्रेसन आणि डेव्हिड शुलमन यांनी २००० मध्ये, ज्यांची बदली होऊच शकत नाही अशा वस्तूंचा अभ्यास केला. वस्तू "तशीच" असणं आणि "तीच" असणं यात माणसं मोठा फरक करतात. कारण तीच वस्तू त्या प्रसंगाला हजर होती, तशीच नव्हती. काकांना मिळत असलेली बंदूक "तशीच" आहे. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आणि विरोधी पुरावाही वाचायचा. जॉन लिस्ट यांनी २००३ मध्ये खेळाडूंची चित्रं आणि आठवणवस्तू यांच्या बाजारात बघितलं, तर अनुभवी व्यापाऱ्यांमध्ये मालकीचा परिणाम खूपच कमी आढळला. चार्ल्स प्लॉट आणि कॅथरिन झायलर यांनी २००५ मध्ये प्रयोगाची पद्धत बदलली, लोकांना नीट समजावलं, सराव दिला, तर कपांमधली दरी नाहीशी झाली. म्हणजे परिणाम पक्का आहे असं डोळे झाकून लिहू नका. "कुणात, कोणत्या परिस्थितीत" हे सोबत लिहा.

तिसरा टप्पा: "जुनी भारी होती" हे तपासता येतं का?

काका सांगतात, "आजच्या बंदुकांत तो जोर नाही." हे विधान भावनेचं नाही, भौतिकशास्त्राचं आहे, म्हणून तपासता येतं. समजा छऱ्याचं वजन अर्धा ग्रॅम आणि वेग सेकंदाला १८० मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर साधारण ८.१ ज्यूल. वेग १५० वर आला तर ऊर्जा ५.६ ज्यूल. वेग सहाव्या हिश्शाने घटला, पण ऊर्जा जवळपास ३० टक्क्यांनी. वेग मोजायचं यंत्र मिळालं की दोन मिनिटांचं काम आहे.

आता माझ्या विषयातलं. स्प्रिंग दाबून ठेवली, वर्षानुवर्षं वापरली, की तिची मूळ लांबी थोडी कमी होते. ती "बसते". पिस्टनवरचा चामड्याचा वॉशर तेलाविना वाळतो आणि हवा बाजूने निसटते. म्हणजे काकांनी विकली त्या दिवशी ती बंदूक नव्या बंदुकीपेक्षा बहुधा कमजोरच होती. पण "बहुधा" हा शब्द महत्त्वाचा, कारण विकण्याआधी तिचा वेग कुणी मोजलाच नव्हता. आधारमाप नाही. आणि बंदूक नाही म्हणजे आता ते कधीच मिळणार नाही.

काकांनी पुरावा म्हणून एक फाईल आणली. त्यात जुनी टार्गेट कार्डं. पाच छऱ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. खरंच सुंदर नेम. पण संशोधक म्हणून पहिला प्रश्न काय विचारायचा? "काका, बाकीची कार्डं कुठंय?" ती रद्दीत गेली. जपली ती चांगली आलेली. ही कार्डं बंदुकीचा सरासरी नेम सांगत नाहीत, काकांनी काय जपलं ते सांगतात. यालाच निवडीचा दोष म्हणतात, आणि आठवणही अगदी याच पद्धतीने फाईल लावते. १९९७ मध्ये टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी सहलींचा अभ्यास केला. लोकांना सहलीच्या आधी, सहलीत आणि नंतर विचारलं. प्रत्यक्ष सहलीत जितकी मजा आली, त्यापेक्षा नंतर आठवताना जास्त वाटली. पाऊस, थकवा, वैताग गळून गेले.

यातून धडा असा, की पस्ताव्याचा अभ्यास फक्त मागे वळून विचारण्यावर उभा करू नका. जमलं तर विकण्याआधी, विकताना, सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी, असं त्याच माणसांना विचारा. हे कठीण आहे, पण तीन वर्षांच्या पीएचडीत बसतं.

चौथा टप्पा: कुणाला विचारायचं?

सोपा मार्ग म्हणजे जुन्या वस्तूंच्या शौकिनांना गाठायचं. तिथे दहापैकी नऊ जण म्हणतील, "विकायला नको होती." पण ज्यांनी विकली आणि विसरले, ते शौकिनांच्या घोळक्यात कशाला असतील? ते घरी आरामात बसलेत. त्यांना शोधावं लागेल.

शिवाय एकाच वस्तूवर थांबू नका. तुलनेला आपल्या शहराचीच एक वस्तू आहे, बजाज चेतक. १९७२ मध्ये बाजारात आली, १९८५ पासून वाळूजचा कारखाना सुरू झाल्यावर इथल्या कित्येक घरांची रोजीरोटी त्या कंपनीशी जोडली गेली. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बंद करायचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आलं. जुनी चेतक विकल्याची हळहळ इथे भरपूर सापडेल. पण चेतक रोज ऑफिसला नेणारी, घरच्यांना मागे बसवणारी. बंदूक म्हणजे रविवारचा छंद. गरजेची वस्तू आणि छंदाची वस्तू यांचा पस्तावा सारखा असतो का? हा स्वतंत्र प्रश्न झाला.

आणखी एक तुलना आहे, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये एअरगन सरेंडर अभियान सुरू झालं. पक्षी आणि वन्यजीव वाचावेत म्हणून लोकांनी आपल्या छऱ्याच्या बंदुका स्वतःहून शासनाकडे जमा केल्या. अशा दोन हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या. वस्तू तीच, हातातून जाणंही तेच. पण पैसे नाहीत, आणि कारण मात्र ठळक. कॉनोली-झीलेनबर्ग बरोबर असतील तर त्या लोकांची रुखरुख काकांपेक्षा कमी असायला हवी. असेल किंवा नसेल, दोन्हीपैकी काहीही निघालं तरी निष्कर्ष कामाचा आहे. चांगल्या प्रश्नाची ही खूण लक्षात ठेवा. उत्तर कोणत्याही बाजूला गेलं तरी काहीतरी कळलं पाहिजे.

पाचवा टप्पा: नैतिकता समिती काय विचारेल

बंदुकीवर प्रश्नावली म्हटलं की समितीचे कान टवकारतील, आणि ते योग्यच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत एअर रायफलसाठी दोन मर्यादा महत्त्वाच्या आहेत: २० ज्यूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरची नळी. याच्या वर गेलं की परवान्याचा प्रश्न येतो. म्हणून प्रश्नावलीत मॉडेलचा क्रमांक, विकत घेणाऱ्याचं नाव, पत्ता असलं काही विचारू नका. तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही, आणि गरज नसलेली माहिती गोळा करायची नसते.

दुसरं असं की आठवणी सांगताना कुणीतरी होले, पारवे मारल्याचं सांगणारच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अशी माहिती समोर आली तर तुम्ही ती कशी नोंदवणार, नाव कसं झाकणार, हे आधी लिहून ठेवा. सहभागी माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून बोलतो. त्याच्या बोलण्याने तो अडचणीत येता कामा नये.

आता प्रश्न लिहू

सुरुवातीला आपल्याकडे होतं, "आवडती वस्तू विकल्याचा पस्तावा." आता बघा काय झालं:

"छंदासाठी किमान पाच वर्षं वापरलेली वस्तू स्वेच्छेने विकलेल्या व्यक्तींमध्ये, विकण्यामागचं कारण जितकं भक्कम वाटतं तितकी नंतरची रुखरुख कमी असते का? मालकीचा काळ, विक्रीनंतर गेलेला काळ आणि तशीच वस्तू परत मिळण्याची शक्यता यांचा या संबंधावर काय परिणाम होतो?"

यात कोण हे ठरलं, काय मोजायचं ठरलं, काय स्थिर ठेवायचं ठरलं, आणि हे चुकीचं ठरू शकतं अशी जागाही ठेवली. आरआरसीसमोर उभं राहायला एवढं पुरे.

आणि काकांना काय सांगितलं?

संशोधनाचा उपयोग समोरच्या माणसाला होत नसेल तर त्याला ते कोरडं वाटणारच. मी काकांना दोनच गोष्टी विचारल्या. दोन्ही वरच्या अभ्यासांतून आलेल्या.

पहिली निवडणाऱ्याची: "समजा तुमच्याकडे अशी बंदूक कधी नव्हतीच. आज टेबलावर एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तेवढे पैसे. काय उचलाल?" काका लगेच म्हणाले, "पैसे." दुसरी ग्रेसन-शुलमनची: "ही घेतली तर ती परत आली असं वाटेल का?" यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिच्या दस्त्यावर मी स्वतः पॉलिश मारलं होतं. टूल रूममधून सुट्टीच्या दिवशी. हिच्यावर ते कुठून येणार?"

म्हणजे त्यांना बंदूक नको होती, तो सुट्टीचा दिवस हवा होता. त्यांनी ती विकत घेतली नाही. ज्यांना दिली होती त्यांच्याकडे जाऊन मूळ बंदुकीचा फोटो मात्र काढून आणला आणि टार्गेट कार्डांच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर लावला. हा मार्ग त्यांनी स्वतः शोधला, पण त्यालाही पुरावा आहे. कॅरन विंटरिच, रेबेका रेझेक आणि ज्युली अर्विन यांच्या २०१७ च्या अभ्यासात विद्यार्थी वसतिगृहांत जुन्या वस्तू दान करायचं आवाहन केलं होतं. जिथे "आधी फोटो काढून आठवण ठेवा, मग वस्तू द्या" असं सांगितलं तिथे ६१३ वस्तू आल्या, जिथे नुसतंच आवाहन केलं तिथे ५३३. आठवण सुरक्षित आहे असं वाटलं की वस्तू सोडणं सोपं जातं. मात्र तो अभ्यास वस्तू देण्याआधीच्या फोटोचा आहे. वस्तू गेल्यावर, वर्षांनी काढलेल्या फोटोने रुखरुख कमी होते का? हा प्रश्न त्यात नाही. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

जाता जाता एक सराव

तुमच्या घरातून गेलेली एक वस्तू आठवा. सायकल, शिवणयंत्र, आजोबांचा रेडिओ, गोठ्यातली गाय, काहीही. मग वहीत चार ओळी लिहा. घरातलं कोण कोणत्या शब्दात त्याबद्दल बोलतं? विकण्याचं कारण काय सांगितलं जातं, आणि ते दरवर्षी तेच असतं का? काय मोजता आलं असतं आणि मोजलं गेलं नाही? आणि कुणाला ती वस्तू अजिबात आठवत नाही?

चौथी ओळ लिहायला सगळ्यात अवघड जाईल. ती टाळू नका. आठवण नसलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय आठवणीचा अभ्यास पूर्ण होत नाही.